घरचाच कोट

वस्तीतल्या केंद्राच्या मागच्या खोलीत कात्रीमावशी बसायची. आईबापांनी ठेवलेलं नाव तिला होतंच, पण ते शेवटचं कुणी घेतलं होतं हे तिलाही आठवत नसेल. एक कात्री तिच्या गळ्यात नाडीने लटकलेली असायची आणि दुसरी तोंडात, असं लोक म्हणायचे. दोन्ही सारख्याच धारदार. केंद्रात शिरणाऱ्याला आधी तिचा आवाज ऐकू यायचा, मशीनची खडखड त्यानंतर. "चप्पल बाहेर! फरशी काय तुझा नवरा येऊन पुसणारे?" असं ती येणाऱ्या बाईवर खेकसायची, आणि ती बाई चप्पल काढेपर्यंत तिच्या कडेवरचं पोर स्वतःच्या मांडीवर घेऊन त्याचं नाक पुसून मोकळी व्हायची.

केंद्र म्हणजे तरी काय, एक जुनं धान्याचं गोदाम. पुढच्या मोठ्या खोलीत कामावर जाणाऱ्या बायकांची पोरं दिवसभर सांभाळायची. बाजूच्या खोलीत आठवड्यातून एकदा नर्स येऊन बाळांची वजनं करायची. मागे दुपारचं जेवण शिजायचं. आणि अगदी मागच्या खोलीत कपडे. शहराच्या सुखवस्तू भागातून जुन्या कपड्यांची गाठोडी यायची, ती धुऊन, दुरुस्त करून वस्तीतल्या घरांना द्यायची, असा तो कारभार.

पण एक गोष्ट इथली इथेच बघायला मिळायची. गाठोड्यातून आलेला कपडा कधी जसाच्या तसा बाहेर पडत नसे. मावशी त्याची ओळख मोडायची. तिचाच शब्द तो. बटणं बदलायची, कॉलर उलटी करायची, खिसा इकडचा तिकडे लावायचा, एका फ्रॉकची झालर दुसऱ्याला जोडायची. उगाच हौस म्हणून नव्हे हो. वस्तीतल्या बायका ज्या घरांत धुणी-भांडी करायच्या त्याच घरांतून ही गाठोडी यायची, आणि दोन्हीकडची पोरं जायची एकाच शाळेत. कपडा ओळखला गेला की घालणाऱ्या पोराचं काय होतं, हे मावशीला कुणी शिकवायला नको होतं.

म्हणून केंद्राचे नियमही तिनेच घालून दिले होते. कपडा कुणाला जाणार हे शिवणारीने विचारायचं नाही, वाटणारीने सांगायचं नाही. रस्त्यात दिसला तर ओळखायचा नाही. मावशी तर रस्त्याने जाताना कुणाच्या हनुवटीखाली बघतच नसे. कामाच्या घरून मिळालेला कपडा एखादी बाई परस्पर बदलून घ्यायला आणायची, आणि नजर चुकवत म्हणायची, "घरचाच आहे, जुना." मावशी लगेच म्हणायची, "हो गं बाई, घरचाच. दिसतंय ना." सगळ्यांनाच ठाऊक असायचं, आणि कुणालाच काही ठाऊक नसायचं.

"माझ्या हातून गेलेला कपडा," ती ऐटीत सांगायची, "त्याच्या सख्ख्या आईलाही ओळखता यायचा नाही."

ही ऐट कुठून आली तेही सांगायला हवं. मावशी तरुणपणी कपड्यांच्या कारखान्यात होती. दिवसभर शर्टांना बटणं लावायची. एकदा मुकादमाच्या बायकोने तिला एक पिवळा फ्रॉक दिला, आणि तिने तो धुऊन, इस्त्री करून लेकीला घातला. लेक तेव्हा तिसरीत. दुपारच्या सुट्टीत पाण्याच्या नळाशी एक मुलगी ओरडली, "अगं, हा तर माझा फ्रॉक! हा बघा, इथे शाईचा डाग माझ्याच हातून पडला होता." सगळा वर्ग तो डाग बघायला गोळा झाला. लेकीने फ्रॉक काढून दप्तरात कोंबला आणि नुसत्या शमीजवर, भर रस्त्याने, घरी आली. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. मावशीने मारून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं, बाईंना घरी आणून पाहिलं. पोरगी खांबाला धरून बसायची. अख्ख्या जगाच्या शर्टांना बटणं लावणाऱ्या बाईला आपल्या लेकीच्या एका फ्रॉकची बटणं बदलायचं सुचू नये! मावशी हे स्वतःला कधी विसरू द्यायची नाही.

आता ती लेक दोन गल्ल्या सोडून नवऱ्याबरोबर इस्त्रीचं दुकान चालवत होती. लोकांचे कपडे दिवसभर हाताळायची, पण केंद्राची पायरी कधी चढली नाही. "मी मेले तरी दिलेलं माझ्या घरात येणार नाही," हे तिने आईला एकदाच सांगितलं होतं. माय-लेकींचं येणंजाणं होतं, हसणंखिदळणंही होतं, फक्त या विषयाला कुणी हात लावत नसे.

तर थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवणारा एक गडी केंद्रात आला. माणूस धिप्पाड, पण बोलायची वेळ आली की अंग चोरणारा. त्याची बायको त्याच साली तापाने गेली होती. त्याने तपकिरी रंगाचा एक बायकी कोट टेबलावर ठेवला.

"मावशी, एवढा लेकीला बसेल असा करून द्या. घरचाच आहे."

"हो रे बाबा, घरचाच."

"म्हणजे काय, हा तिच्या..."

मावशीने हात वर केला. "काही सांगू नकोस. इथे कुणी विचारत नाही. शनिवारी ये."

तो बिचारा मान हलवून निघून गेला. मावशीला वाटलं, सिलिंडर देता देता कुणा बाईने दिला असेल; आईवेगळ्या पोरीला कशाला कुणी वर्गात बोट दाखवायला हवं? तिने जीव ओतला त्या कोटात. खांदे आत घेतले, मोठी कॉलर उसवून मखमलीची छोटी लावली, खिसे तिरके केले, लाकडी बटणं काढून पितळेची लावली. गरम पाण्यात धुऊन वाळवला. असं काम तिच्या हातून वर्षातून एखादंच व्हायचं.

शनिवारी बाप लेकीला घेऊन आला. सहावी-सातवीतलं पोर, दोन घट्ट वेण्या, स्वतःच घातलेल्या, म्हणून एक वर एक खाली. तिने कोट हातात घेतला, उलटा केला, बाहीला नाक लावलं.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

"अगं, तुझ्या आईचा," बाप म्हणाला.

"नाही. हा आईचा नाहीये."

तिने कोटाची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "चांगला आहे, मावशी. दुसऱ्या कुणाला तरी द्या," असं अगदी मोठ्या माणसासारखं म्हणाली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मावशी बापाकडे वळली. "अरे, तू बोलला का नाहीस?"

"सांगितलं ना, घरचाच आहे म्हणून." बाप कोटाकडे बघत होता. "आई गेल्यापासून शाळेत जात नाही ती. मी कामावर जातो, ही दार लावून बसते. मागच्या आठवड्यात म्हणाली, आईचा कोट घालून जाईन. तेवढ्यावर तयार झाली होती, मावशी."

इतकी वर्षं प्रत्येक जण घरचाच आहे म्हणायचा आणि मावशी मान डोलवायची. खरं बोलणारा पहिलाच माणूस आला, आणि तिने त्यालाही तीच मान डोलावली होती. सख्ख्या आईलाही ओळखता यायचा नाही म्हणे! घ्या आता. आई राहिलीच नव्हती, आणि तिच्या लेकीला ओळखता आला नव्हता.

दुसरी कुणी असती तर डोक्याला हात लावून बसली असती. मावशीने पदर खोचला. "बुधवारी घेऊन ये तिला," ती म्हणाली. "नाही म्हणाली तरी आण. ही पोरगी घरी बसणार नाही. मी बसू देणार नाही."

कोट तिने उसवायला घेतला. जुन्या शिलाईची भोकं कापडावर शिल्लक होती, त्यांच्यावरून खिसे जिथल्या तिथे गेले. जुनी कॉलर चिंध्यांच्या पिशवीत तळाशी सापडली. अख्खी पिशवी फरशीवर ओतून, मांजरासारखी उकरत बसली होती ती. लाकडी बटणं डब्यात होती. एक तेवढं नव्हतं. तिने बाजार पालथा घालून त्याच्याच जोडीचं वाटावं असं आणलं आणि गळ्याशी लावलं. धुतलेला वास मात्र परत आणता येण्यासारखा नव्हता, आणि त्या विचाराने तिला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं.

बुधवारी पोरगी आली. कॉलर दिसली तशी तिचा चेहराच बदलला. कोट घातला, हात खिशात घातले, आणि मग तिचा अंगठा आपोआप गळ्याच्या बटणाशी गेला. थांबला.

"हे ते नाही."

"तसंच तर आहे गं, राजा."

"त्याच्यावर माझे दात होते." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ती नुसतं सांगत होती. "मला दात येत होते तेव्हा आईच्या कडेवर असताना मी ते चावायचे. आई दर थंडीत माझं बोट त्याच्यावर ठेवायची. म्हणायची, बघ, लहानपणी किती दुष्ट होतीस." तिने कोट काढला. "बाकीचा आईचाच आहे."

"मग घाल ना."

"ते बटण मिळालं की घालेन."

मावशीला त्या पोरीचा रागही आला आणि ती मनापासून आवडलीही. "मिळालंच समज," ती म्हणाली. म्हणाली खरं, पण बटण कुठे गेलं ते तिला पक्कं आठवत होतं. गळ्याशी एकच मोठं बटण असलेला एक छोटासा लाल कोट, तीन-चार वर्षांच्या पोराच्या मापाचा. त्याला लावलं होतं तिने ते. कोट त्याच दिवशी वाटपात गेला होता.

वाटप बघायची चाव्यांवाली. कपाटांच्या चाव्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारी, मावशीची जुनी मैत्रीण, कारखान्यापासूनची.

"लाल कोट कुणाला दिलास?" मावशीने तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"नाही सांगायची."

"अगं, पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे!"

"असू दे. नियम कुणी केला?"

"मीच केला, मेला!"

"मग तूच पाळ." चाव्यांवालीने पातेल्यावर झाकण आदळलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ऐक माझं, हे विचारत फिरू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय."

मावशी कसली ऐकतेय! दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांच्या हनुवटीखाली बघू लागली. लाल कोट कुठे दिसतोय का, एवढंच तिच्या डोक्यात. पण लोकांना काय माहीत? भाजीवालीच्या सुनेने तिची नजर पाहिली आणि पटकन मुलाच्या स्वेटरवर हात ठेवला. एक शाळकरी मुलगी दप्तर छातीशी धरून पळाली. एक बाप पोराला घेऊन गल्लीत वळला, आणि मावशीला ठाऊक होतं की त्याचा रस्ता तो नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळाशी उभी राहून डाग दाखवणारी ती मुलगी आता आपणच झालो की!

ती केंद्रात परत आली आणि मशीनवर नुसती बसून राहिली. कुणाचा कपडा बघायचा नाही, हे तिने तिथेच ठरवलं. पण बटण सोडायचं नाही, हेही ठरवलं. मग राहिलं काय? राहिलं एकच. दारोदार जायचं, नजर वर ठेवायची, आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. कोट कुणाकडे आहे असं विचारायचंच नाही. मी असं असं करून बसले, एका पोरीची शाळा अडली आहे, एवढंच सांगायचं आणि पुढच्या दाराला जायचं. ज्याच्याकडे असेल त्याला वाटलं तर तो बटण कुठेतरी गुपचूप ठेवून देईल. अख्ख्या वस्तीत स्वतःची फजिती वाटत फिरायची! आणि ती कुणी, तर कात्रीमावशीने, जिच्यापुढे कुणाची बोलायची छाती नाही. पण होऊ दे शोभा. शोभा झाल्याने कुणी मरत नाही.

पहिलं दार कुठलं, तर लेकीचं. तिथे जीभ सैल करून घ्यावी, घरच्यांपुढे एकदा लाज गिळली की पुढचं सोपं जाईल, असा तिचा हिशेब होता. एरवी ती सांगून जायची. आज भर दुपारी, न सांगता गेली.

दुकानाच्या अर्ध्या भागात इस्त्रीचं टेबल, पडद्यामागे घर. लेक शर्टावर इस्त्री फिरवत होती. टेबलाखाली नात बाहुलीशी खेळत बसली होती, आणि आजीचा आवाज ऐकून ती धावत बाहेर आली. अंगात लाल कोट. गळ्याशी एकच मोठं लाकडी बटण.

मावशीने झटकन मान वर केली आणि छताकडे बघू लागली. पण तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं होतं, आणि तिला दिसलं हे लेकीलाही दिसलं होतं. लेकीच्या हातातली इस्त्री शर्टावर तशीच राहिली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली.

काय काय आलं असेल त्या क्षणी मावशीच्या मनात! लेक थंडीत पोरीला कोट घेऊ शकली नव्हती आणि आईला तसं बोलली नव्हती. चाव्यांवालीने तो मागच्या दाराने दिला होता. रविवारी आजीकडे येताना नात दोन स्वेटर एकावर एक घालून का येते, तेही आता कळलं. लेकीला कवटाळावं असं तिला वाटलं. आणि तिचा अपमान होईल असा एक शब्दही तोंडातून निघू नये म्हणून तिने दातांखाली जीभ धरली. परत जावं का? पण पायरीवर जाऊन बसलेली ती दोन वेण्यांची पोरगी डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या पोरीला शब्द दिला होता.

मग मावशी छताशीच बोलू लागली. "तुझ्या आईने काय करून ठेवलंय, ऐक," असं म्हणून तिने सगळं सांगितलं. सिलिंडरवाला, 'घरचाच आहे', आपण वर केलेला हात, मखमलीची कॉलर, पोरीने लावलेलं नाक, दात. लाल कोटाचं नावही घेतलं नाही. "एका बटणापायी पोरगी घरी बसलीये," ती म्हणाली. "मी एक पोरगी घरी बसलेली पाहिलीये. दुसरी नाही बघू शकत मी. म्हणून दारोदार सांगत सुटलेय. तुला सांगितलं. आता जाते पुढच्या दाराला."

ती वळली. डोळे भरून आल्यामुळे तिला उंबरा नीट दिसत नव्हता.

"आई, थांब," लेक म्हणाली. "कात्री दे."

मावशीने गळ्यातली नाडी काढून, मागे न बघता, कात्री मागे धरली. बोटांना लेकीची गरम बोटं लागली. नात म्हणाली, "माझं बटण!" आणि लेक म्हणाली, "उभी राहा सरळ, तुला दुसरं मिळेल." दोरा कापल्याचा बारीकसा आवाज झाला. मग मावशीच्या तळहातावर लाकडी बटण आलं, आणि लेकीने आईची मूठ त्याच्यावर मिटली.

"घरचंच आहे," लेक म्हणाली. "जुनं."

मावशीने आता तिच्या तोंडाकडे पाहिलं. लेकीची मान ताठ होती आणि ओठ थरथरत होते, अगदी शमीजवर दारात उभी होती तेव्हासारखे.

"हो गं बाई," मावशी म्हणाली. "घरचंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात मावशीने ते बटण त्याच्या जागी लावलं. निरोप मिळाल्यावर पोरगी दप्तर घेऊनच आली होती. तिने कोट घातला, खालून एकेक बटण लावत वर आली, आणि गळ्याशी पोचल्यावर अंगठा लाकडावरून फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग तिचा चेहरा चुरगळला आणि आई गेल्यापासून आवरून धरलेलं रडू सगळं बाहेर आलं. बापाला काय करावं कळेना. मावशीने तिला पोटाशी धरलं, तिच्या वेण्या सोडून सारख्या घालून दिल्या, आणि म्हणाली, "चला, आता उशीर होतोय. रडायचं तर मधल्या सुट्टीत रड." पोरगी रडता रडता हसली. दप्तर पाठीवर टाकून पायऱ्या उतरली.

पायरीच्या खाली मावशीची लेक उभी होती. हातात लाल कोट, तो लपवलेला नव्हता, कागदात गुंडाळलेलाही नव्हता. तपकिरी कोटातली पोरगी तिच्या बाजूने गेली, आणि ती शाळेच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत लेक तिथेच वळून बघत राहिली.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली," मावशी म्हणाली.

लेकीने पायरीवर पाय ठेवला. पण मावशीची सवय कुठे जाते?

"चप्पल बाहेर काढ," ती म्हणाली, आणि दार उघडं धरून उभी राहिली.